आठवडा नेमका कोणाचा लहान करायचा?

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये समाधान व्यक्त झाले आणि त्याच कचेऱ्यांच्या बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसांत नाराजी उमटली. त्याआधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा होता. आता सगळेच शनिवार सुट्टीचे झाले आणि त्या बदल्यात कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. आठवडा लहान करण्याचे फायदेतोटे हा आजचा विषय आहे आणि शासनाने त्या वेळी मांडलेला हिशेब त्याच्या मुळाशी जाणारा आहे. पूर्वी वर्षात कामाचे दिवस २८८ आणि रोजचे काम सव्वासात तास, म्हणजे २०८८ तास. नव्या व्यवस्थेत दिवस २६४ आणि रोजचे आठ तास, म्हणजे २११२ तास. वर्षातले चोवीस दिवस कमी झाले आणि चोवीस तास वाढले. ज्याला आपण सगळे लहान आठवडा म्हणतो, तो तासांच्या मापाने थोडा मोठाच झाला होता.

मी या निर्णयावर टीका करण्यासाठी हे सांगत नाही. सलग दोन दिवस हातात मिळणे याचे स्वतःचे मोल आहे. परगावी नोकरी करणाऱ्या माणसाला शुक्रवारी रात्री निघून गावी म्हाताऱ्या आईवडिलांकडे जाऊन येता येते आणि ही गोष्ट मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. परंतु लहान आठवडा या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी वावरतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय फायद्यातोट्याची चर्चा पुढे सरकत नाही. एका प्रकारात तेवढेच तास कमी दिवसांत बसवले जातात. बेल्जियमने २०२२ मध्ये कामगारांना जो चार दिवसांच्या आठवड्याचा अधिकार दिला, तो असा आहे. दुसऱ्या प्रकारात तासच कमी होतात आणि पगार कायम राहतो. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांवर जे प्रयोग झाले, त्यांत आठवड्याचे ४० तास ३५-३६ वर आणले गेले आणि वेतनाला हात लावला गेला नाही. पहिल्या प्रकारात विश्रांतीची जागा बदलते, दुसऱ्यात विश्रांती वाढते. मला आज प्रामुख्याने दुसऱ्याविषयी बोलायचे आहे.

कामाचे तास कमी करण्याची मागणी परदेशातून आली, ती सुखवस्तू देशांची चैन आहे, असे आपल्याकडे पुष्कळ लोक मनापासून मानतात. वस्तुस्थिती अशी आहे की, मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची एकही सुट्टी नसताना, सत्यशोधक चळवळीत घडलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. पुढे १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र ६० तासांची वेगळी तरतूद करून ठेवली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ही मर्यादा ५४ तास झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना तयार झालेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ती ४८ वर आली आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तीच कायम ठेवली. बाबासाहेबांनी या मातीत उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो आणि तो करायलाच हवा. त्याच्या जोडीने त्यांचे हे कामही आपल्या मुलांना सांगायला हवे. मुद्दा असा की ६०, ५४ आणि ४८ या तीन आकड्यांचा प्रवास जेमतेम सत्तावीस वर्षांत झाला आणि त्यानंतर जवळपास आठ दशके आपण ४८ वरच थांबलो आहोत. या आठ दशकांत यंत्रे किती बदलली, एका माणसामागचे उत्पादन किती वाढले, हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही कारखान्यात डोळ्यांना दिसते. त्या वाढीचा वाटा कामगाराला वेळेच्या रूपाने का मिळू नये, हा प्रश्न न्यायाचा आहे.

फायद्यांबद्दल फार वेळ घेत नाही, कारण ते समजायला अवघड नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या देशातले मोठे उद्योगपती आठवड्याला सत्तर किंवा नव्वद तास काम करण्याचा सल्ला देतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यासमोर ठेवले पाहिजेत. आइसलँडमध्ये बहुतेक ठिकाणी सेवेचा दर्जा टिकला आणि पुढे तिथल्या कामगार संघटनांनी करारांतून बहुसंख्य कामगारांसाठी कमी तास मिळवले. ब्रिटनमध्ये २०२२ च्या उत्तरार्धात ६१ कंपन्यांनी सहा महिने पगार न कापता तास कमी करून पाहिले. त्यांपैकी ५६ कंपन्यांनी मुदत संपल्यावरही ती पद्धत चालू ठेवली.

येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. या प्रयोगांत स्वेच्छेने उतरलेल्या कंपन्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणचे काम टेबलावरचे होते. टेबलावरच्या कामात निरर्थक बैठका आणि तोच तपशील चार ठिकाणी भरण्याचा उपद्व्याप असतो. तो काढून टाकला की पाच दिवसांचे काम चार दिवसांत मावते. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयाच्या वॉर्डातल्या परिचारिकेच्या कामात असे काढून टाकण्यासारखे काय आहे? रुग्ण चोवीस तास रुग्ण असतो आणि तिथे तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून रुग्ण येतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात २०१५ पासून सुमारे दोन वर्षे एका वृद्धसेवागृहातल्या परिचारिकांना पूर्ण पगारात सहा तासांची पाळी देण्यात आली. त्यांचे आजारपण कमी झाले, वृद्धांची सेवाही सुधारली, पण मोकळे झालेले तास भरून काढण्यासाठी सतरा जणींची नव्याने भरती करावी लागली आणि तो खर्च पेलेना म्हणून प्रयोग तिथेच संपला. माझ्या मते तो प्रयोग फसला असे म्हणणे चूक आहे. अशा सेवेतले तास कमी करायचे तर माणसे वाढवावी लागतात, एवढे त्याने प्रामाणिकपणे दाखवून दिले. मंजूर पदेही वेळेवर न भरणाऱ्या व्यवस्थेत मात्र तास कमी करण्याचा आदेश निघाला, तर त्याचा भार उरलेल्यांच्या आणि रुग्णांच्याच अंगावर पडेल.

दुसरा तोटा सामान्य नागरिकाचा. किनवट-माहूरकडचा शेतमजूर एका दाखल्यासाठी नांदेड गाठतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, वर बसभाडे जाते. कार्यालय बंद असण्याचा प्रत्येक वाढीव दिवस त्याच्यासाठी एक कमी झालेली संधी आहे. यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही: कर्मचाऱ्यांचे दिवस पाच ठेवावेत, पण तालुक्याच्या ठिकाणची खिडकी सहा दिवस उघडी राहील अशा पाळ्या लावाव्यात. कर्मचाऱ्याचा आठवडा आणि कार्यालयाचा आठवडा एकच असला पाहिजे, असे कुठल्याही नियमाने ठरवून दिलेले नाही.

कारखान्यातला प्रश्न मात्र इतका सहज सुटत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथे मोठ्या कंपन्यांच्या भोवती जॉबवर्क करणाऱ्या शेकडो लहान वर्कशॉपचे जाळे आहे आणि तिथला बहुतांश कामगार ठेकेदारामार्फत लागलेला असतो. त्याच्या वेतनपत्रकाकडे बारकाईने पाहा. किमान वेतनाचा रोजचा दर काढताना मासिक वेतनाला २६ ने भागतात. म्हणजे महिन्याचे चार रविवार त्या मासिक वेतनात धरलेले असतात. उद्या कामाचे दिवस २२ झाले आणि ठेकेदाराने तोच रोजचा दर २२ हजेऱ्यांवर दिला, तर कामगाराचे महिन्याला चार हजेऱ्यांचे पैसे जातील. तो मग काय करणार? सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या शेडमध्ये लेथ चालवणार किंवा ओटी, म्हणजे ठरलेल्या तासांवरचे जादा काम, मागणार. कायद्याने ओटीला दुप्पट दर आहे, म्हणून ४८ ऐवजी ४० तासांनंतर ओटी सुरू झाली तर कागदोपत्री कामगाराचा फायदाच होईल. पण लहान मालकाला मोठ्या कंपनीकडून नगामागे मिळणारा भाव तोच राहिला, तर तो ही वाढ आणणार कुठून? तो हजेरीपटावरची माणसे कमी करून हजेरीपटाबाहेरची वाढवील. म्हणून मी स्पष्टपणे म्हणतो की नगाच्या भावात वाढ आणि भागाकाराच्या आकड्यात बदल, या दोन गोष्टी सोबत नसतील तर लहान आठवडा वाळूजच्या कंत्राटी कामगारासाठी पगारकपात ठरेल.

याच्या अगदी उलट दिशेने शासन चालले आहे, याचे मला दुःख होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास, आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांमध्ये ९ वरून १० तास करण्यास मान्यता दिली. याचे समर्थन करताना असे सांगितले जाते की बारा तासांचे चार दिवस भरले की तीन दिवस मोकळे. गंगापूर किंवा पैठण तालुक्यातल्या गावातून वाळूजला येणाऱ्या बाईच्या दिवसात हे बारा तास बसवून पाहा. येण्याजाण्याचे दोन तास, घरचा स्वयंपाक, पाणी भरणे, मुलाची शाळा; झोपेला चार-पाच तासही उरत नाहीत. शिवाय यंत्रासमोरचा अकरावा तास आणि तिसरा तास सारखे नसतात. कारखान्यातल्या प्रेस यंत्रावर काम करणाऱ्याला हे विचारावे, बोटे नेमकी केव्हा जातात ते.

आता मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. आपल्या मराठवाड्यात असा फार मोठा श्रमिकवर्ग आहे ज्याला पाच दिवसांचा काय, सहा दिवसांचाही आठवडा नाही. पाडव्याला ज्याचे साल ठरते तो सालगडी पुढच्या पाडव्यापर्यंत जनावरांचे वैरणपाणी एक दिवसही चुकवू शकत नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे सगळा गाव रानात जेवायला जातो, त्या दिवशीही गोठा त्याच्याच माथी असतो. आणि ऊसतोड कामगार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणीहून निघून पाच-सहा महिने उसाच्या फडावर. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मग वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, काढणे, मोळ्या बांधणे, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरणे. एक दिवस आजारपणात गेला की तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड कापला जातो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे कारणे अनेक आहेत, खासगी दवाखान्यांची लालसाही आहे. पण पाळीच्या आणि दुखण्याच्या दिवसांचा खाडा परवडत नाही, हे या बायकांनी वारंवार सांगितले आहे. हक्काची सुट्टी नसल्याची किंमत त्यांनी शरीराने दिली आहे.

या वर्गाला आठवड्याची एक पगारी सुट्टी द्यायला किती खर्च येईल, हे मोजता येते. जानेवारी २०२४ च्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले, तर सात दिवसांत चौदा टनांचे ५१२४ रुपये होतात. सहा दिवसांत बारा टन तोडून तेवढेच पैसे हाती यायचे असतील तर दर ४२७ रुपये हवा. फरक टनामागे ६१ रुपयांचा आहे. साखर कारखान्यांकडून हा आक्षेप येईल की गाळप एक दिवसही थांबवता येत नाही. तो खरा आहे आणि म्हणून सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी न देता टोळीनिहाय फिरती द्यावी लागेल. केवळ दर वाढवूनही भागणार नाही, कारण उचल फेडण्याच्या धास्तीने कोयता सातव्या दिवशीही फडात उतरेल. त्या टोळीला त्या दिवशी तोडच लावायची नाही, असा नियम हवा. दर वाढला तर कारखाने तोडणी यंत्रांकडे वळतील, ही भीती मला अधिक गंभीर वाटते. मोठ्या सलग फडांत यंत्रे तशीही येत आहेत. लहान वाफ्यांच्या, बांधाबांधांच्या रानात माणूस लागणार आहे, आणि जोवर तो लागणार आहे तोवर त्याला माणसाचा आठवडा मिळाला पाहिजे.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन त्याचा निधी उभा करण्याची तरतूद आहे. पहिल्या एक-दोन हंगामांत सुट्टीच्या दिवसाची निम्मी मजुरी या निधीतून आणि निम्मी कारखान्याकडून, असे सुरू करता येईल. साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात पुढचा करार होईल तेव्हा दरवाढीच्या टक्क्यांबरोबर दोन कलमे त्यात यायला हवीत: टोळीला आठवड्याची फिरती पगारी सुट्टी, आणि आजारपण, बाळंतपण व पाळीच्या दिवसांत खाड्याचा दंड बंद. या सभागृहात संघटनांचे कार्यकर्ते आहेत, वकील आहेत, एक-दोन कारखान्यांचे संचालकही आहेत. त्या कलमांचा मसुदा आपण हंगामाआधी बसून तयार करावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.