तेल अवीवला मागच्या दाराने

(दृश्य: रात्रीचं शहर, किनाऱ्याची रेघ)

१९ जुलै २०२४. पहाटेचे साधारण सव्वातीन. समुद्राकडून आलेला एक ड्रोन तेल अवीवमध्ये अमेरिकी दूतावासाच्या शाखेजवळच्या इमारतीवर आदळला. एक जण ठार, काही जखमी. सायरन वाजलाच नाही.

ड्रोन सोडला होता येमेनच्या हूती बंडखोरांनी. सरळ रेषेत हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. पण सरळ वाट लाल समुद्रावरून जाते आणि तिथे युद्धनौकांचा पहारा. इस्रायली अंदाजानुसार ड्रोन एरिट्रिया, सुदान, इजिप्त असा वळसा घेऊन भूमध्य समुद्रावर गेला आणि पश्चिमेकडून आत शिरला. सुमारे २,६०० किलोमीटर, १६ तास. म्हणजे ताशी जेमतेम १६० किलोमीटर. प्रवासी विमान याच्या पाचपट पळतं.

हा संथपणाच त्याच्या पथ्यावर पडतो. पक्ष्यांच्या थव्यांनी पडदा भरून जाऊ नये म्हणून रडारची यंत्रणा लहान, सावकाश सरकणारे ठिपके गाळत असते. तरी हा ठिपका दिसला होता, तब्बल सहा मिनिटं! त्याला 'धोका' ठरवलं गेलं नाही, एवढंच. ही मानवी चूक होती, असं इस्रायली हवाई दलाने नंतर मान्य केलं.

(दृश्य: ड्रोनचं रेखाचित्र)

हा 'समाद-३'चा पल्ला वाढवलेला अवतार असल्याचं इस्रायलने सांगितलं. हे नाव हूतींचे नेते सालेह अल-समाद यांच्यावरून. एप्रिल २०१८मध्ये ते मारले गेले तेही ड्रोन हल्ल्यातच. ड्रोनचं रूप असं: मागे पंखा, इंग्रजी 'व्ही'सारखं शेपूट, पाठीवर जादा इंधनाच्या टाकीचा फुगवटा. या घराण्यातल्या ड्रोनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना मॉडेल विमानांसाठी विकली जाणारी जर्मन आणि चिनी इंजिनं सापडली. स्फोटकं १८ किलोच्या आसपास. इथेच खरी कात्री आहे: पेट्रोल वाढवलं की स्फोटकांना जागा उरत नाही. तेल अवीवची ती इमारत उभीच राहिली.

जिथे लक्ष्य स्वतःच पेट घेतं, तिथे मात्र हिशेब बदलतो. १७ जानेवारी २०२२ला हूतींच्या हल्ल्यात अबू धाबीच्या मुसफ्फा भागात इंधनाचे तीन टँकर फुटले. तीन कामगार गेले: दोन भारतीय, एक पाकिस्तानी.

जहाजाची गोष्ट आणखी वेगळी. असे ड्रोन बहुधा आधी भरून दिलेल्या नकाशावरच्या बिंदूंवरून उडतात. जहाज तासाला वीस-पंचवीस किलोमीटर सरकतं, त्यामुळे सकाळचा बिंदू दुपारी बिनकामाचा. तरीही २३ डिसेंबर २०२३ला लाल समुद्रात 'साईबाबा' या गॅबॉनचा झेंडा लावलेल्या तेलवाहू जहाजाला हूतींचा ड्रोन लागला. जहाजावर २५ भारतीय खलाशी होते. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

तेल अवीवच्या हल्ल्याला उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. इस्रायली लढाऊ विमानांनी होदेदा बंदरातल्या इंधनाच्या टाक्या आणि क्रेन उडवल्या. उत्तर येमेनचं बरंचसं धान्य याच बंदरात उतरतं.