बेहड्याखालचा जुगारी

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, फळ्यावर 'पोकरमधला पडता काळ' हा विषय वाचून अध्यक्ष जरा दचकले. पोकर हा पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ, आणि पडता काळ म्हणजे लागोपाठ हरण्याचे दिवस. घाबरू नका. जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे 1887 पासून आहे, पैसे लावून ऑनलाइन खेळायलाही 2025 साली केंद्राने बंदी घातली. इथे नुसतं बोलायचंय. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाऊन आलेल्यांनी हात वर करू नयेत, घरची माणसं बसली आहेत.

आपल्याकडे पत्ते म्हणजे गणपतीतलं जागरण. ओटीवर चटई, दमट हवेने पानं एकमेकांना चिकटलेली, मग कुणीतरी त्यांना पावडर चोळतो. तीन पत्ती सुरू. चार डाव लागोपाठ गेले की काका मागच्या पोराला म्हणतात, "मेल्या, ऊठ तिथून. तू बसल्यापासून पानं फिरलीत." पोर उठतं, काका पुन्हा हरतात. मग उशी बदलते, टोपी उलटी होते, तोंड पूर्वेला वळतं. आणि या सगळ्या गडबडीत लावायची रक्कम गुपचूप दुप्पट होते.

नळाचं आख्यान कीर्तनात तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. हंस येतो, स्वयंवर होतं, दमयंतीला रानात टाकून जाण्याचा प्रसंग येतो, लोक डोळे पुसतात, आणि बुवा आरतीकडे वळतात. बेहड्याचं झाड राहूनच जातं! ही माझी जुनी तक्रार आहे. वनपर्वात द्यूतात सगळं घालवलेला युधिष्ठिर म्हणतो, माझ्याइतका अभागी कोण? तेव्हा बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. त्यात बाहुक झालेला नळ ऋतुपर्ण राजाचा रथ विदर्भाकडे हाकतोय. वाटेत बेहडा दिसतो. राजा नुसतं बघून पानं नि फळं किती ते सांगतो. उशीर होत असतानाही बाहुक रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो. आकडा बरोबर! मग तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकतो आणि तेव्हा कुठे त्याला द्यूतात बुडवणारा कली त्याच्या अंगातून निघतो. त्या काळी फासेसुद्धा बेहड्याच्या फळांचे असत. बेहडा आपल्या रानातही भरपूर आहे, बघून या. मोजायला तोडू मात्र नका, वनखातं येईल.

पुढे नळाने एकाच डावात सर्वस्व लावलं, दमयंतीसकट. जिंकला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. एका डावावर सगळं लावणं मला मुळीच पटत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर पोकर. तुमच्याकडे दोन एक्के, समोर दोन राजे, फ्लॉपच्या, म्हणजे सगळ्यांची सामायिक पहिली तीन पानं उघडण्याच्या, आधीच सगळे पैसे मध्ये. एक्के शंभरात साधारण 82 वेळा जिंकतात, म्हणजे 18 वेळा तुमची काही चूक नसताना हरतात. लागोपाठ दोनदा असं होणं शंभरात तीनदा. नेमाने खेळणाऱ्याला ते कधीतरी दिसणारच. हरल्यावर एवढंच बघा: पैसे लावताना माझी बाजू वरचढ होती का? होती, तर पुढेही तसंच खेळा. नव्हती, तर उगाच नशिबाला बोल लावू नका.

'आता माझी पाळी' हेही डोक्यातून काढा. हापूसचं कलम एका वर्षी लगडलं की पुढच्या वर्षी बहुधा विसावा घेतं, म्हणून बागायतदाराने 'गेल्या साली नाही, यंदा धरेल' म्हणण्यात अर्थ आहे. पत्ते पिसले की मागचं सगळं पुसलं. 1913 साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चक्रावर, लागोपाठ 26 वेळा काळा आला. आता लाल येणारच म्हणून लावणारे बुडाले.

पैशांचं भराभर सांगतो. बसण्याआधी आकडा ठरवा, तो गेला की उठा. मुरलेले खेळाडू एका बैठकीला लागणाऱ्या रकमेच्या वीस-तीस पट पैसा वेगळा ठेवतात, घरखर्चाला न शिवता. वही ठेवा, कारण हरलेले डाव तोंडपाठ असतात, जिंकलेले कुणी सांगत नाही. रागाच्या भरात खेळण्याला पोकरवाले टिल्ट म्हणतात. त्यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं. पानं आपटायला लागलात की टेबल सोडा, एवढं... हो, हो, थांबलो. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.