दीड किलोचा वाघ

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज झाडावर चढणाऱ्या रानमांजरांबद्दल बोलू. घरची मांजर शेवग्यावर सरसर चढते आणि मग वर बसून तासभर ओरडते, बघितलंय ना? तिची नखं मागे वळलेली, चढताना सालीत रुततात, पण तोंड खाली करून उतरायला गेली की पकडच नाही, म्हणून उलटी घसरत येते बिचारी. तिकडे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मार्गे नावाचं मांजर आहे, तीन-चार किलोचं, त्याचे मागचे घोटे चक्क 180 अंशात फिरतात, म्हणून ते खारीसारखं तोंड खाली करून उतरतं. घोटा फिरतो म्हणून हां, नखांमुळे नाही.

आपल्याकडची झाडावर चढणारी म्हणजे वाघाटी. जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, वजन जेमतेम एक ते दीड किलो, म्हणजे भरताच्या दोन-तीन वांग्यांएवढं. (वांगी पऱ्हाटीवरच भाजा हो, गॅसवरच्या भरताला मी भरीत म्हणत नाही.) राखाडी अंगावर तांबूस ठिपके, शेपटीवर मात्र ठिपके नाहीत. रात्री फिरते, उंदीर, पाखरं, सरडे, बेडूक खाते. आता उंदीर खाणारी म्हणजे शेतकऱ्याच्याच फायद्याची, पण लोक ऐकतील तर ना.

त्याचंच सांगतो. काही वर्षांपूर्वी यावलकडे मामाच्या गावी होतो, ऊसतोड चालू होती. सकाळी फोन, "जिभाऊ, वावरमा बिबट्या शे!" गेलो तर अर्धं गाव बांधावर, कोणाकडे काठी, कोणाकडे मोबाईल, आणि मोबाईलवाले जास्त. पाचटात दोन पिल्लं, मुठीत मावतील एवढी, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. वाघाटीची पिल्लं जन्मतात 60 ते 77 ग्रॅमची आणि लहानपणी ठिपके काळेच असतात, त्यामुळे माणूस फसतो. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच याच्या कितीतरी पट जड असतं. पण तेव्हा ऐकतंय कोण? एका मावशीने वाटीत गाईचं दूध आणलं, दुसरा म्हणे घरी नेऊन पाळतो. पाळायचं नाही मंडळी, वाघाटी कायद्याने संरक्षित आहे, वनखात्याला फोन करायचा, आणि पिल्लं हलवायची नाहीत. परत सांगतो, हलवायची नाहीत, आई शोधत येते.

वनखात्याचा माणूस आला, त्याने पिल्लं केळीच्या क्रेटमध्ये पाचट घालून तिथेच ठेवली, तोडणी थांबवली, सगळ्यांना हाकललं. रात्री मी, मामा आणि तो, तिघं लांब ट्रॉलीत पडून, थंडी अशी की दात वाजत होते. दहाच्या सुमारास बांधावरच्या निंबावर टॉर्च टाकला तर वर दोन डोळे चमकले! मामा म्हणे घुबड आहे. आम्ही टॉर्च बंद केला आणि गप्प पडून राहिलो, मग नुसती साल खरवडल्याचा आवाज, ती तोंड खाली करून उतरली की उलटी, अंधारात कळलंच नाही, आजपर्यंत त्याची चुटपुट आहे. तासाभराने बघितलं तर क्रेटमध्ये एकच पिल्लू, पहाटे तेही नाही.

सकाळी बांधावर सगळं सांगितलं, दीड किलोची आई, निंबावरचे डोळे, सगळं. पहिला फोन करणारा शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "शे तो बिबट्याच, जिभाऊ, फक्त धाकला शे."