इंजिन जमिनीवर हाय तोवरच बघून घ्या

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात एक जण टेम्पोत जुनं इंजिन घालून गॅरेजवर आले, अजून दोऱ्या सुटल्या नव्हत्या तोवर म्हणतात, मिस्त्री, संध्याकाळपर्यंत बसवून द्या. म्हटलं, आधी चहा घ्या ओ. इंजिन बसवायला दिवस जातो, परत उतरवायला पण दिवसच जातो, आणि मजुरी दोनदा.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. एका सरांची मारुती ८०० होती, तीन सिलेंडरवालं ७९६ सीसीचं इंजिन, भंगारातनं दुसरं आणलं. विकणाऱ्यानं मोबाईलवर स्टार्ट केल्याचा व्हिडिओ दाखवला, घुर्रर्र आवाज एकदम मस्त, आम्ही भुललो आणि बसवलं. गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक सिलेंडर नीट पेटेना. कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरात हवा किती दाबली जाते ते, मीटरनं बघितलं तर दोन सिलेंडर १६० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास आणि तिसरा जेमतेम ९०. हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, खोललं तर त्या एका सिलेंडरचा पिस्टन वर येताना बाकीच्यांपेक्षा थोडा खालीच थांबतोय, म्हणजे पिस्टनला खालनं धरणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, चालू इंजिनात पाणी शिरलं की पिस्टन अडतो आणि रॉड वाकतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या पंढरपूरकडं, कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. आमचं इंजिन कुठल्या पाण्यातलं ते देवाला ठाऊक, पण वरनं डिझेलनं धुऊन चकचकीत केलेलं होतं. सरांकडनं दुसऱ्यांदा मजुरी मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासनं मी आधी सगळे स्पार्क प्लग काढतो, क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकाला असलेल्या बेल्टच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावतो आणि हातानं दोन पूर्ण फेरे फिरवतो, दोनच का तर फोरस्ट्रोकचं एक चक्र दोन फेऱ्यात पुरं होतं. एकाच जागी अडकलं, खरखरलं तर तिथंच थांबायचं, जोर नाही लावायचा. मग सायकलची स्पोक. प्लगच्या भोकातनं आत सोडायची, पिस्टन एकदम वर आला की स्पोकवर नेलपॉलिशनं खूण करायची (बायकोची बाटली नेली म्हणून शिव्या खाल्ल्यात मी), मग पुढच्या सिलेंडरला तीच स्पोक. भोक तिरकं असलं तर सगळीकडं त्याच तिरक्यात धरा. खूण जुळली नाही की समजायचं, रॉड गेलाय.

कंप्रेशन टेस्टला स्टार्टर लागतो आणि तो बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या कवचावर बसतो, म्हणून शक्यतो गिअरबॉक्स जोडलेलं असतानाच विकणाऱ्याच्या दारात टेस्ट करून घ्या. बॅटरी फुल चार्ज, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा. पेट्रोल इंजिनला साधारण १४० ते १८० मिळतं. थंड इंजिन थोडं कमी दाखवतं, त्याचं टेन्शन नको, सिलेंडरा-सिलेंडरात दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर मात्र घोळ हाय. कमी आलेल्या सिलेंडरात चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट.

ऑइलचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवा. दुधाच्या चहासारखं आलं तर पाणी मिसळलंय. आणि ब्लॉकच्या कडेला पत्र्याच्या गोल टोप्या असतात ना, त्यांच्याभोवती गंज बघा, आपल्याकडं बोअरचं जड पाणी रेडिएटरात ओततात आणि मग आत खार धरतो.

सगळं चांगलं निघालं तरी टायमिंग बेल्ट, मागचं ऑइल सील आणि वॉटर पंप बाहेर असतानाच बदला, नंतर त्यासाठी परत अर्धी गाडी खोलावी लागते. ब्लॉकवरचा इंजिन नंबर लिहून घ्या, बिल घ्या, आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. एमएच १३ ची गाडी आणि नंबर भलत्याच इंजिनचा असं झालं तर विकताना अडकता.

हां, त्या टेम्पोवाल्यांचं राहिलं. हातानं फिरलं, स्पोक जुळली, ते खूश. मग चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोललं आणि तळाला बोट फिरवलं तर बारीक चकाकणारी चंदेरी कीस चिकटून आली, बेअरिंगची कॅप काढली तर आतला तांब्याचा रंग दिसायला लागलेला, म्हणजे वरचा थर झिजून गेलेला. त्यांनी दुसरा चहा घेतला आणि गपचूप दोऱ्या बांधायला लागले.