रत्नागिरी : समुद्राकडे दार असलेलं शहर

मित्रहो,

रत्नागिरीचा विषय निघाला की आपण आधी टिळकांचं नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. २३ जुलै १८५६ रोजी ते इथे जन्मले. पण दहा वर्षांचे असताना वडिलांची पुण्याला बदली झाली आणि बाळ टिळक गाव सोडून गेले. या शहराचं असंच आहे. इथली माणसं बाहेर गेली, आणि बाहेरची काही माणसं इथे आणून ठेवली गेली. मला आज बोलायचं आहे ते या ये-जा करण्याच्या वाटेबद्दल. ती वाट समुद्रातून होती.

रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशी उभे राहा. एका बाजूला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र नावाचा किनारा. पाठीमागे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि त्याच्याही मागे सह्याद्री. घाट उतरून येणं जिकिरीचं, गलबतानं येणं सोपं. बहमनी काळापासून ज्याला कोकण हवं होतं त्याला हा किल्ला हवा होता, तो याच कारणानं. शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये आदिलशहाकडून घेतला.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचा कारभार आधी बाणकोटहून पाहिला आणि १८२२ मध्ये कचेऱ्या रत्नागिरीला हलवल्या. कचेरीमागून कारकून आले, वकील आले, मास्तर आले. १८२८ मध्ये इथे वाचनालय सुरू झालं, हे मला फार मोलाचं वाटतं. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षं झालेली, आणि या आडबाजूच्या बंदरात लोक एकत्र येऊन पुस्तकं वाचायला लागले होते.

आडबाजूचं म्हणूनच सरकारनं या गावाचा आणखी एक उपयोग करून घेतला. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशची राजधानी मंडाले जिंकली. तिथल्या थिबा राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये इथे आणलं. दिल्लीचा बहादूरशहा रंगूनला नेला आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीला. आपल्या माणसांपासून तोडायचं तर मध्ये समुद्र हवा, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच. टेकडीवरचा तीन मजली राजवाडा बांधून होईस्तोवर १९१० उजाडलं. म्हणजे कैदेची वीसहून अधिक वर्षं राजानं भाड्याच्या बंगल्यांत काढली, आणि नव्या वाड्यात त्याला पुरती सात वर्षंही मिळाली नाहीत. १९१६ मध्ये तो इथेच गेला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र रत्नागिरीची झाली. मंडालेच्या राजाची नात इथे वाढली, इथेच तिनं संसार केला, मराठी बोलली. पर्यटक राजवाड्याच्या खिडक्यांचे फोटो काढतात. मला त्या खिडक्यांपेक्षा टूटू जास्त आठवते. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांना ती समाधी कुठे आहे ते पहिल्यांदा कळलं!

सावरकरांनाही १९२४ मध्ये याच जिल्ह्यात स्थानबद्ध केलं, राजकारण करायचं नाही या अटीवर. ती बंदी १९३७ पर्यंत चालली. या काळात १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. पैसा घातला भागोजीशेठ कीर यांनी. भागोजी रत्नागिरीचेच, भंडारी समाजातले, गरिबीतून मुंबईला गेले आणि मोठे कंत्राटदार झाले. आणून ठेवलेला माणूस आणि बाहेर गेलेला माणूस अशा दोघांनी मिळून ते देऊळ उभं केलं.

भागोजींसारखे हजारो गेले. घरी मनीऑर्डर यायची, शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी यायचा. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर यायचे. लाट वर आली की खलाशी हात धरून बाईमाणसाला पडावात घ्यायचा, पोर आणि ट्रंक मागून. पावसाळ्यात सारं बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की पुन्हा वाट मोकळी.

मग रस्ते सुधारले, एसटी आली, बोटी थांबल्या. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. हापूस आता रात्री ट्रकनं वाशीला जातो. शहर मारुती मंदिरावरून हायवेच्या दिशेनं वाढलं, आणि मांडवी संध्याकाळी भेळ खायची जागा झाली. रेल्वे हवीच होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्वी जे पुढचं दार होतं ते आता परसदार झालं, आणि परसदारी आपण जे टाकतो ते मिरकरवाड्यापासून भाट्याच्या खाडीपर्यंत दिसतं.

पडावांवर काम केलेली माणसं आज अगदी थकली आहेत. राजिवड्यात, मांडवीत, पेठकिल्ल्यात ती भेटतील. कुठल्या वाऱ्यात बोट उभी राहत नसे, सामान कसं उतरवत, हे त्यांना तोंडपाठ आहे आणि कुणी लिहून घेतलेलं नाही. या सभागृहात कॉलेजची मुलं बसली आहेत. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. येत्या रविवारपासून जा, त्यांना बोलतं करा, ध्वनिमुद्रण करून वाचनालयात आणून द्या. पहिल्या दोन-तीन घरी मी स्वतः तुमच्याबरोबर येतो.