विमा खाटेचा, उपचार खुर्चीतला
(फोंड्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पॉलिसी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "डॉक्टरांनी मुलीला समुपदेशन सांगितलंय. दर आठवड्याला जायचं, एका सत्राचे हजार-दीड हजार. पाच लाखांचा विमा आहे, हप्ता कधी चुकवला नाही. मग यातलं काही मिळेल ना?" बऱ्याचदा उत्तर 'नाही' असं येतं. ते का येतं हे आधी समजून घेऊ, कारण पुढचा रस्ता तिथूनच निघतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २१ विमा कंपन्यांना सांगतं की शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा देता, त्याच पायावर मानसिक आजारालाही द्या. कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने तसं परिपत्रक काढलं. तरी चालढकल सुरूच राहिली. शेवटी २०२२ मध्ये नियामकाला ३१ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली. तेव्हा आज कोणी एजंट 'आमच्याकडे मानसिक आजार बसत नाही' म्हणाला, तर ते मुळीच ऐकून घेऊ नका.

अडचण दुसरीकडे आहे. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावर पैसे देते, तेही सहसा किमान २४ तास दाखल असाल तर. ओपीडीची फी ती तापालाही देत नाही आणि नैराश्यालाही देत नाही. कायद्याची समानता इथे कागदोपत्री पाळली जाते आणि माणसाच्या हाती काहीच लागत नाही. नैराश्य, चिंता, भीतीचे झटके, बाळंतपणानंतरची उदासी यांवरचे उपचार बहुतेकांच्या बाबतीत खुर्चीत बसून, बोलून होतात. खाट लागतच नाही. वेळेवर सत्रं मिळाली तर पुढे दाखल होण्याची वेळ पुष्कळांवर येणारच नाही. तरी कंपनी खाटेचे लाखभर रुपये द्यायला तयार आणि सत्रांचे दहा-वीस हजार द्यायला नाही! हे बदललं पाहिजे, आणि ग्राहकांनी लेखी मागणी लावून धरल्याशिवाय ते बदलणार नाही.

मग आज काय मिळू शकतं? पहिल्यांदा नोकरीच्या ठिकाणची समूह पॉलिसी काढून वाचा. वेर्णा, कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांत किंवा पणजीतल्या बँकांत काम करणाऱ्या अनेकांना आपल्या पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का, हेच ठाऊक नसतं. तो असेल, तर टीपीएला, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेल करून विचारा: फक्त मनोविकारतज्ज्ञाची तपासणी धरता की मानसशास्त्रज्ञाची सत्रंही? वर्षाला किती रकमेपर्यंत? मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते का? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं 'हो सर, होईल' क्लेमच्या वेळी कोणालाच आठवत नाही. उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारा. तो नोंदणी क्रमांक, सत्राची तारीख आणि आजाराचं निदान बिलावर हवं. साध्या पावतीवर क्लेम अडकतो.

स्वतःची पॉलिसी असेल तर ओपीडीचं जादा कवच घेता येतं का ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे, तेवढा भार हलका झालाय. पण कवचाचा हप्ता आणि वर्षभराच्या सत्रांचा खर्च शेजारी शेजारी मांडा, मगच सही करा.

महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना मात्र ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा मोठा आधार आहे. तिथे ओपीडीही आहे. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात ठरावीक अटींवर वाढीव आजारपणाचा भत्ताही मिळतो. कार्ड नुसतं पाकिटात ठेवू नका.

आजार लपवून पॉलिसी घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. 'लग्नाची मुलगी आहे, कशाला लिहायचं?' असं म्हणणारे पालक मला भेटतात. त्यांची भीती खरी आहे, मी ती खोटी ठरवत नाही. पण लपवलेलं निदान क्लेम नाकारायला कारण पुरवतं. २०२४ च्या नियमांनी पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे मिळण्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे, तेवढा काळ थांबता येतं. आणि उपचारांची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच २३ व्या कलमाने दिला आहे.

क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

आणि विमाच नसेल तर? मंडळी, गोवा या बाबतीत दरिद्री नाही. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ भेटतात. पूर्वी ही संस्था पणजीच्या आल्तिनोवर होती, तेव्हा नुसतं आल्तिनो म्हटलं तरी लोक दबकून बोलायचे. संस्था बांबोळीला गेली, पण दबकणं अजून गेलं नाही. आपल्याच गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रं घेतली आणि तीव्र नैराश्यातली माणसं नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात सावरली. स्वस्त उपचार म्हणजे हलका उपचार, हा समज आपल्याच गावांनी खोडून काढलाय. देवाला कौल लावायचा तर जरूर लावा, पण त्याच आठवड्यात ओपीडीतही जा. रात्री-अपरात्री जीव घाबरला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे.

ज्यांनी पॉलिसीची कागदपत्रं सोबत आणली आहेत त्यांनी थांबावं. ओपीडीचं कलम कुठल्या पानावर आहे ते आपण एकेकाचं शोधू, आणि टीपीएला पाठवायचा ईमेल इथेच बसून लिहू.