चौथ्या दिवशीचं अंडं

महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या गावांत झाडाच्या ढोलीतली किंवा दगडी बांधातली सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांची वसाहत लाकडी पेटीत आणतात. अळ्या असलेली पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधायची, मग माश्या आत सोडायच्या. या धांदलीत राणी, म्हणजे वसाहतीची अंडी घालणारी माशी, चेंगरली, ढोलीतच राहिली, की पेटीत आली?

लगेच पेटी उघडू नका. सातेरी चटकन बिथरते आणि बिथरली की अख्खी वसाहत उडून जाते. पहिले 3 दिवस दारातूनच बघा. पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत शिरत असतील तर लक्षण चांगलं, पण एवढ्यावर विसंबू नका. जुन्या अळ्या जगवायलाही पराग लागतोच.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर पेटी उघडा. दारात धुराचे 2-3 हलके झोत पुरेत. जास्त धुराने माश्या पोळं सोडून कोपऱ्यात गोळा होतात, राणीही पळते. आधी कडेची चौकट काढून जागा करा, मग मधली अळ्यांची चौकट सरळ वर उचला. आडवी केलीत तर बांधलेलं पोळं निखळेल. चौकट पेटीवरच धरा. राणी पडलीच तर आत पडेल.

ऊन पाठीवर घ्या, म्हणजे प्रकाश पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे षटकोनी खणाच्या, तळापर्यंत पोचतो. तिथे तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि त्यातून अळी निघते. म्हणून चौथ्या दिवशी दिसलेलं अंडं याच पेटीत घातलेलं. प्रत्येक घरात एकच, तळाच्या मधोमध असेल तर राणी आहे. तिला शोधत बसू नका, पेटी बंद करा.

अंडी नाहीत, पण पोळ्यावर लोंबती राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची मोठी घरं, दिसतायत? मग राणी गेली आहे आणि माश्या कोवळ्या अळीपासून नवी घडवतायत. ही घरं मोडू नका. नवी राणी अंडी घालू लागेपर्यंत तीनेक आठवडे जातात. मात्र राणी पळू नये म्हणून दाराला लावलेली जाळी आठवणीने काढा, नाहीतर कुमारी राणी मिलनासाठी बाहेरच पडू शकणार नाही.

अंडीही नाहीत, राणीघरंही नाहीत, तर दुसऱ्या सातेरी पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्यांची चौकट माश्या झटकून इथे द्या. 2-3 दिवसांत तिच्यावर राणीघरं उठली, तर राणी नाही.

सगळ्यात फसवी स्थिती म्हणजे एकेका घरात 3-4 अंडी, तीही भिंतींना चिकटलेली. इथे कामकरी माश्याच अंडी घालतायत आणि त्यांतून फक्त नर निपजतात. नरांच्या घरांची झाकणं उंच असतात, सातेरीत त्यांच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं. नवी राणीही सुरुवातीला कधी 2 अंडी घालते, पण तळाशी. कामकरी घालू लागलेल्या वसाहतीत नवी राणी सोडली तर बहुतेक वेळा माश्या तिला मारतात. अशी वसाहत राणी असलेल्या सशक्त पेटीला जोडा: संध्याकाळी, मध्ये बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवून.